डार्विन नुनेझ गेला: तुमच्या हिशेबात तो केवढ्याचा होता?

कळवेकर_लाल (धागाकर्ता)

शनिवारी, ९ ऑगस्ट २०२५ला, शिक्कामोर्तब झालं. उरुग्वेचा फॉरवर्ड डार्विन नुनेझ आपलं लिव्हरपूल सोडून रियाधच्या अल-हिलाल क्लबकडे गेला. रक्कम साधारण ५ कोटी ३० लाख युरो. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, सुटलो एकदाचे. दुसरा म्हणतो, असला गडी परत मिळायचा नाही. मी दोन्हीकडे आहे, दिवसातून तीनदा बाजू बदलतो.

तीन वर्षं, १४३ सामने, ४० गोल. हे सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा कोणी टाकू नका. तुम्ही कुठे होतात, काय बघितलंत आणि त्या रात्री तो तुम्हाला केवढ्याचा वाटला ते लिहा. विकायला हवा होता की नको, तेही लिहा. दुसऱ्याच्या पोस्टवर तुटून पडायचं असेल तर आधी स्वतःचा अनुभव टाका, मग तुटून पडा.

सुरुवात माझ्यापासून. ३० जुलै २०२२, कम्युनिटी शील्ड (मोसमाच्या तोंडावरचा चषकाचा सामना), समोर मँचेस्टर सिटी. आपल्याकडे रात्री साडेनऊ. मी मामेबहिणीच्या साखरपुड्याला चिपळूणला. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली. पडवीत मी आणि होणारे मेहुणे, दोघांत एक मोबाइल आणि रेंजचा एक दांडा. मेहुणे सिटीवाले निघाले, हे साखरपुडा उरकल्यावर कळलं. चित्र अडकायचं, मग दोन मिनिटं पुढे उडी मारायचं. जादा वेळेत अडकलं तेव्हा चेंडू कुठे होता देव जाणे. सुरू झालं तेव्हा डार्विन शर्ट काढून पळत होता. ३-१. त्याचा लिव्हरपूलसाठीचा पहिला अधिकृत गोल मी असा न बघता साजरा केला. आठ-दहा दिवस आधी सरावाच्या सामन्यात लाइपझिगला त्याने एकट्याने चार मारले होते. त्याच्या आधीच्या क्लबला, बेनफिकाला, मोजलेले साडेसात कोटी युरो आणि वरचे अडीच कोटी अटींचे, हे त्या रात्री मला स्वस्त वाटले होते.

काल पुन्हा शील्डच होती. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध नवा फॉरवर्ड एकिटिके चौथ्या मिनिटाला गोल करून मोकळा. शेवटी टायब्रेकरमध्ये हरलो. आपला हुकमी सालाहसुद्धा चुकला. मेहुण्यांचा मेसेज: "आता शिव्या कोणाला देणार?"

कप्तान_उणे_चार

नाव बघून कळलं असेलच. हिंजवडीतल्या आमच्या तेव्हाच्या कंपनीत एफपीएलची (फॅन्टसी प्रीमियर लीग, खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडायचा खेळ) लीग होती, पहिल्याला जेवण, शेवटच्याला बिल. २०२२च्या मोसमाच्या सुरुवातीला फुलहॅमविरुद्ध हा बदली म्हणून आला, एक गोल केला, एक सालाहला करून दिला. मी म्हटलं, सापडला. दुसऱ्या आठवड्यात घरच्या मैदानावर पॅलेस. १५ ऑगस्टची सुट्टी, रात्री साडेबाराचा सामना, बिनधास्त याला कर्णधार केला.

५७व्या मिनिटाला त्याने अँडरसनच्या तोंडावर डोकं हाणलं. लाल कार्ड.

ज्यांना एफपीएल माहीत नाही त्यांच्यासाठी: साठ मिनिटांच्या आत बाहेर म्हणून खेळल्याचा एकच गुण, लाल कार्डाचे उणे तीन. झाले उणे दोन. कर्णधार, म्हणून दुप्पट. उणे चार. टीमलीडने त्याचा स्क्रीनशॉट काढून माझ्या डेस्कवर चिकटवला, तो मी कंपनी सोडेपर्यंत तिथेच होता.

खरं दुखणं पुढे आहे. तीन सामन्यांची बंदी लागली. त्या तिनातला एक बोर्नमथविरुद्धचा. लिव्हरपूलने ९-० मारले. नऊ! आणि हा घरी बसून. त्या दिवशी हा मैदानात असता तर त्याची सगळी कारकीर्द वेगळी झाली असती, असं मला आजही वाटतं. दोन-तीन पायाला लागून गेले असते तरी चाललं असतं. सुरुवातीला आत्मविश्वास मिळाला की पोरं सुधारतात. असो. विकला ते बरंच झालं. मी त्याला त्याच आठवड्यात विकला होता.

हिशेबनीस

डोंबिवलीत माझी सीएची फर्म आहे. आर्टिकलशिपची पोरं येतात, त्यांना अमूर्त मालमत्तेचा घसारा शिकवताना मी कंटाळून एकदा फळ्यावर "नुनेझ" लिहिलं. त्या दिवसापासून वर्गात कोणी झोपलं नाही.

धाग्यात "विकत घेतला साडेसात कोटींना, विकला पाच कोटी तीसला, म्हणजे सव्वादोन कोटी बुडाले" असं कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. क्लबच्या वहीत असं नसतं. खेळाडूची खरेदी कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकतात. याचा करार सहा वर्षांचा होता, २०२८पर्यंत. साडेसात कोटी भागिले सहा, म्हणजे वर्षाला सव्वा कोटी. तीन वर्षं झाली, पावणेचार कोटी खर्ची पडले, वहीत उरली किंमत पावणेचार कोटी. विकला ५ कोटी ३० लाखांना. म्हणजे यंदाच्या हिशेबात सुमारे दीड कोटी युरो *नफा*. अटींचे जादा पैसे जेवढे दिले असतील तेवढा हा नफा कमी होईल, पण दिशा तीच. प्रीमियर लीगच्या नफा-तोट्याच्या नियमांत हेच आकडे मोजतात. म्हणून अजून वर्षभर ठेवून बघू, त्याला फॉर्म येईल, हा भावनेचा मुद्दा झाला. वर्षभराने तो २७ वर्षांचा, कराराची दोनच वर्षं उरलेली, गिऱ्हाईक निम्म्याला मागणार. वेळेत विकला.

एका पोराने तेव्हा विचारलं होतं, "सर, यात गोल कुठे धरायचे?" मी म्हटलं, तळटिपेत.

पेठकर

हिशेबनीस, तुमचा घसारा वाचला. आता आमच्या घसाऱ्याचं ऐका.

२७ ऑगस्ट २०२३, रविवार. कोल्हापूर. तालमीत गणपतीच्या वर्गणीची बैठक लावली होती आणि कुणाच्या डोक्यात आलं काय माहीत, टीव्हीबी लावला होता. न्यूकासल-लिव्हरपूल, आपल्याकडं रात्री नऊला. पंचविसाव्या मिनिटाला गॉर्डननं गोल हाणला, आणि तीनच मिनिटांत व्हॅन डाइकला लाल. दहा माणसं, एक गोल मागं, त्यात त्यांचं मैदान. आम्ही आवाज बंद केला आणि पावतीपुस्तकं वाटायला घेतली. म्हातारी माणसं खूश झाली, चला, पोरं कामाला लागली म्हणून.

७७ मिनिटं झाली आणि डार्विन आत. कुणी मान वर करून बघितलंबी न्हाई. ८१व्याला एक. मी पावती फाडत हुतो, ती आडवी फाटली. मग जादा वेळेत दुसरा. तोच कोन, तीच पळ, तसाच आडवा मारलेला फटका, चेंडू लांबच्या पोस्टाकडनं आत. खजिनदारांचा चहा नव्या कोऱ्या पावतीपुस्तकावर. १ ते ५० नंबरच्या पावत्या त्या वर्षी तांबड्या डागाच्या गेल्या. अजून कुणाच्या तरी घरात असतील. तीन मिनिटं आम्ही नुसतं वराडत हुतो, आणि शेजारच्या काकी बाल्कनीत येऊन विचारत्यात, गणपती बसला का रं?

आता तुम्ही म्हणाल, एका रात्रीवर माणूस तोलू नका. आम्हाला असली माणसं तोलायची सवय हाय. शाहू स्टेडियमवर ज्यानं सामने बघितलेत त्याला कळंल. आमच्या पेठंचा एक फॉरवर्ड हुता. नाव सांगत न्हाई, अजून गावातच असतो. सोपा चेंडू असला की हमखास वर. गोलकीपर खाली पडलाय, जाळी मोकळी, आणि ह्यो गडी चेंडू गॅलरीत घालणार. गॅलरीतनं जे ऐकायला यायचं ते हितं लिहिता येत न्हाई. पण समोर दुसऱ्या पेठंची टीम असली, चिखल असला, दहा मिनिटं उरली असली, की ह्यो कुठनंतरी उगवायचा. डोकं, गुडघा, पोटरी, जे लागंल ते.

एका वर्षी सेमीफायनलला त्यानं चार सोडले. चार! मोजून. खेळाडू नोंदणीच्या वेळी आमच्यातल्या शाण्या माणसांनी हिशेब मांडला की याच्यापेक्षा बाहेरनं एक आफ्रिकन आणू, परवडंल. (पैशाचा आकडा पेठंत सगळ्यांना ठाऊक असतोय, लिहायचा नसतो.) दुसऱ्या पेठंनं त्याला उचलला. वर्षभर आमची पोरं त्याच्या दारावरनं हॉर्न वाजवत जायची. आणि मग आमचा-त्यांचा सामना लागला. सांगायला पायजे का काय झालं ते? ८८वं मिनिट. चेंडू त्याच्या *पाठीला* लागून आत गेला. त्यानं हात वर केलं न्हाईत, आमच्या गॅलरीकडं बघितलंबी न्हाई. आणलेला बाहेरचा फॉरवर्ड चांगला हुता, गुणी हुता, त्यानं नऊ गोल मारलं त्या सीझनला. एकबी गोल आज कुणाला आठवत न्हाई.

तेव्हा हिशेबनीस, नफा झाला, मान्य. पण वहीत पाठीवरच्या गोलाचा रकाना असतोय का?

हिशेबनीस

पेठकर, नसतो. पण सेमीफायनलला सोडलेल्या चारांचा तुमच्याकडे तरी रकाना आहे का?

पेठकर

तो गॅलरीत असतोय.

लालसैतान_पनवेल

मी मँचेस्टर युनायटेडचा, त्यामुळे माझं मत ग्राह्य धरू नका. पण ५ मार्च २०२३. लिव्हरपूलने आम्हाला ७-० हरवलं. त्यात दोन याचे. तुम्ही लोक त्याला वाया गेलेला म्हणता तेव्हा मला कसं वाटत असेल याचा विचार करा. आमच्या होयलुंडला प्रीमियर लीगमधला पहिला गोल करायला नाताळचा दुसरा दिवस उजाडावा लागला होता. आम्हाला दिला असता तरी घेतला असता.

ऑफसाइड_ताई

एवढ्या पोस्टी झाल्या आणि ऑफसाइडचा (बचावफळीच्या पुढे सापडला की गोल रद्द) विषय कोणी काढला नाही? मी तर त्याने गोल केला की आधी लाइन्समनकडे बघायचे, मग ओरडायचे. तीन वर्षांत ही सवय एवढी लागली की आता सालाहच्या गोललाही दोन सेकंद गप्प बसते. घरच्यांना वाटतं मला आनंदच होत नाही.

नाशिकची_आई

मला फुटबॉलमधलं कळत नाही. मुलासाठी सामने लावून द्यायचे, तेवढाच संबंध. तरी लिहिते, कारण किंमत विचारली आहे आणि ती मला माहीत आहे. साडेतीनशे रुपये.

मुलाच्या नवव्या वाढदिवसाला मेन रोडवरून लाल शर्ट घेतला. मागे नाव आणि २७. ओरिजिनल नव्हता, हे दुकानदारानेही लपवलं नाही. तिसऱ्या धुण्याला सातचा आडवा दांडा निघायला लागला. मी वर वर्तमानपत्राचा कागद ठेवून इस्त्री फिरवायचे, की पुन्हा चिकटायचा. दर रविवारी हा कार्यक्रम. मग एके दिवशी मुलगा शाळेतून रडवेला आला, "आई, त्याने नंबर बदलला, आता ९ आहे." कोणी फर्मिनो म्हणून होता, तो गेला आणि त्याचा नंबर याने घेतला म्हणे. नवीन शर्ट मागितला. मी म्हटलं, हा फाटू दे. तो फाटला नाही. शर्ट टिकाऊ निघाला, एवढं मात्र त्या दुकानदाराला मानलं पाहिजे.

गेल्या वर्षी जुलैत सकाळी मुलगा मोबाइल घेऊन आला. उरुग्वे कोलंबियाकडून हरलं होतं आणि हा माणूस प्रेक्षकांत चढून मारामारी करत होता. "आई, हा वाईट आहे का?" मी पूर्ण व्हिडिओ बघितला. त्यांच्या सोबत्यांनी नंतर सांगितलं की त्या गर्दीत त्यांच्या बायका, लहान मुलं होती. मी मुलाला म्हटलं, मारामारी वाईटच, त्याला शिक्षा होणार. (झाली, पाच सामन्यांची.) पण माझी पोरं त्या गर्दीत असती आणि तुझे बाबा खाली उभे राहून बघत बसले असते, तर घरी आल्यावर मी त्यांना काय म्हटलं असतं, ते तूच सांग. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "बाबा चढले नसते, त्यांचा गुडघा दुखतो."

परवा बातमी आली. मी म्हटलं आता तरी हा शर्ट निघेल घरातून. कालच बोहारीण आली होती. चार साड्या, नवऱ्याच्या पँटी आणि वर तो शर्ट ठेवला. मला स्टीलचा डबा हवा होता. तिने साड्या उलगडून बघितल्या, जरीवर नख फिरवलं. शर्ट हातात घेतला, पाठीमागचं २७ बघितलं, ताणून बघितला आणि बाजूला टाकला. "याचं काय येत नाय बाई." डबा साड्यांवरच मिळाला. शर्ट मी परत आत आणला तर मुलगा दाराआड उभा. काही बोलला नाही. रात्री बघितलं तर उशीखाली.

कळवेकर_लाल

नाशिकच्या ताई, तुम्ही म्हणता फुटबॉल कळत नाही. आमच्या ग्रुपवर या, अ‍ॅडमिन करतो.

मर्सीकाठची

मी मूळची सातारची, आठ वर्षं लिव्हरपूलमध्ये राहते, औषधशास्त्रात काम करते. दर वर्षी सभासदत्व घेते, सोडतीत नाव घालते, नशिबाने वर्षाला दोन-तीन तिकिटं लागतात. ३१ जानेवारी २०२४चं लागलं, चेल्सी. बुधवार, रात्री सव्वाआठची सुरुवात. मोजे दोन, हातमोजे, आणि वर सासूबाईंनी पाठवलेली कानटोपी, जी मी फक्त लिव्हरपूलच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर घालते.

सामना एकतर्फी होता, ४-१. कॉनर ब्रॅडलीचा पहिला गोल त्याच रात्रीचा. पण बाहेर पडताना माझ्या आजूबाजूला सगळे डार्विनबद्दल बोलत होते, आणि त्याने एकही गोल केला नव्हता. चार वेळा चेंडू पोस्टाला किंवा आडव्या दांड्याला. एक तर पेनल्टी होती. टीव्हीवर पोस्टाचा जो "टण्" आवाज येतो ना, तो तिथे तसा नसतो. आधी हजारो माणसांचा श्वास आत जातो, मग एक बसका, बोथट "ठक्", आणि मग तो सगळा श्वास एकदम बाहेर येतो. पहिल्या वेळी लोक हळहळले. दुसऱ्या वेळी शिव्या. पेनल्टीला डोक्याला हात. चौथ्या वेळी माझ्या शेजारचे आजोबा, जे सामना सुरू झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, ते हसायला लागले. कुचेष्टेचं हसू नव्हतं ते. नातवंडाने पाचव्यांदा दूध सांडल्यावर येतं तसलं. आणि मग त्याच्या नावाचा गजर सुरू झाला, चारही बाजूंनी. गोल करणाऱ्या चौघांच्या वाट्याला त्या रात्री तेवढा मोठा गजर आला नाही.

इथे त्याच्यावर चिडणारे भरपूर होते, गैरसमज नको. कामावर माझा एक सहकारी सोमवारी सकाळी फक्त हात हवेत उंच करून दाखवायचा, म्हणजे चेंडू वरून गेला. पण त्याला नाकं मुरडणारी माणसंही त्याच्या पळण्याबद्दल वाईट बोलायची नाहीत. या शहराला घाम गाळणारा माणूस चालतो. आर्तिगासमधून, ब्राझीलच्या सीमेवरच्या एका गरीब गावातून तो आलाय, हे इथल्या टॅक्सीवाल्यालाही ठाऊक असतं.

या जुलैत प्रेस्टनचा सराव सामना झाला. आमचा फॉरवर्ड जोटा आणि त्याचा भाऊ अपघातात वारले त्याला दहा दिवस झाले होते. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. डार्विनने गोल केला आणि जोटा करायचा तसे हावभाव केले. घरी टीव्हीसमोर आम्ही दोघं होतो, कोणी ओरडलं नाही. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं की हा महिन्याभरात जाणार. त्या दिवशी कोणीही किंमतीचं बोललं नाही.

विकायला हवा होता का? हो. मला वाईट वाटलं का? तेही हो.

शिट्टीवाला

पुण्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. वर सगळ्यांनी मन मोकळं केलंय, मी जरा कामाचं बोलतो.

याचे लोकांच्या लक्षात राहिलेले गोल आठवा. न्यूकासल, ज्यावर पेठकरांनी लिहिलं. फॉरेस्टविरुद्ध मार्च २०२४, ९९व्या मिनिटाचं हेडर. ब्रेंटफर्डविरुद्ध या जानेवारीत, जादा वेळेत दोन. तिन्ही वेळा तो *बदली* म्हणून आला होता. हा योगायोग नाही. शेवटच्या वीस मिनिटांत बचावफळी दमलेली असते, रांग मोडलेली असते, दोन खेळाडूंच्या मध्ये रस्त्याएवढी जागा असते. तिथे याच्यासारखा उंच, वेगवान, न थकणारा माणूस म्हणजे कहर. विचार करायला वेळ नाही, पाय आपोआप चालतो. पण पहिल्या मिनिटापासून खेळवा, समोर दहा माणसं बॉक्समध्ये कोंबून बसलेली, चेंडू पायात घेऊन वळायचंय, एक स्पर्श आत, एक बाहेर. तिथे त्याचा पहिला स्पर्श दगा देतो. चेंडू दोन हात पुढे जातो. लिव्हरपूलसमोर दहातले आठ संघ असेच कोंबून बसतात. त्याला जे येतं ते लिव्हरपूलला वीस मिनिटं लागायचं, आणि जे नव्वद मिनिटं लागायचं ते त्याला येत नव्हतं. याच माणसाने बेनफिकाला एका मोसमात ३४ गोल दिले. प्रशिक्षक बिएल्साच्या उरुग्वेसाठी ब्राझील आणि अर्जेंटिना, दोघांविरुद्ध एका महिन्याच्या अंतराने गोल केले. माणूस तोच, अंगण वेगळं.

आता अ‍ॅस्टन व्हिलाचा सामना. १९ फेब्रुवारी, आपल्याकडे मध्यरात्र उलटून एक. २-२. सोबोस्लाईने ताटात वाढून दिला, गोल उघडा, आणि याने वरून मारला. मी झोपलो नाही. साडेसहाला मैदानावर गेलो, पोरं सगळी तीच क्लिप बघत बसलेली, खिदळत होती. मी मोबाइल घेतला आणि क्लिप पुढे नेली. म्हटलं, चुकल्यानंतरची पाच मिनिटं शोधा, ती कोणी टाकली आहेत का. लिव्हरपूलचा प्रशिक्षक स्लॉटनेही नंतर हेच बोलून दाखवलं: संधी हुकली ते समजू शकतो, पण त्यानंतर तो नेहमीसारखा राबला नाही, हुकलेली संधी डोक्यातच राहिली. मला वाटतं व्यवहार त्या पाच मिनिटांत ठरला. संधी तर जोटानेही त्याच सामन्यात घालवली होती.

मग पोरांना उघड्या गोलावर सहा यार्डांवरून वीस-वीस फटके मारायला लावले. पायाजवळून आलेला चेंडू, एका स्पर्शात. त्या दिवशी खिदळणाऱ्यांतला सगळ्यात मोठ्याने हसणारा मुलगा वीसपैकी सहा वर मारून बसला. मी काही बोललो नाही. त्याने स्वतःच जाऊन बाभळीतून चेंडू आणले.

कप्तान_उणे_चार

शिट्टीवाले सर, पटलं. तरी उणे चार ते उणे चारच.

फोंड्याचो

माझा अनुभव थोडक्यात. चॅम्पियन्स लीगमधली पॅरिसविरुद्धची दुसरी लढत, या वर्षीच्या १२ मार्चची पहाट, शिगम्याचे दिवस. बाबा पंचाहत्तरीचे, त्यांनी आयुष्यभर फातोर्ड्यावर सामने बघितलेत, धेंपो-साळगावकर या गोव्याच्या क्लबांचा सामना म्हटलं की अजून जेवण सोडतात. रात्री दीडला मी आवाज बारीक करून बसलो तर तेही उठून आले. टायब्रेकर. सालाहने घातला. डार्विन चेंडूकडे चालायला लागला आणि बाबा म्हणाले, "हो चुकतलो." दोन्नारुम्माने अडवला. मग जोन्सचाही.

मी बाबांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, मला तो आवडायला लागलाय म्हणून. आवडता फॉरवर्ड टायब्रेकरला चुकतोच, तीस वर्षांचा अनुभव आहे. यावर काय बोलणार. पहिल्या लढतीत पॅरिसमध्ये जाऊन १-० जिंकलो होतो, तो एलियटचा गोल ज्याने करून दिला तो डार्विनच, हे मी त्यांना सांगितलं. तोपर्यंत ते झोपायला गेले होते.

लालसैतान_पनवेल

एक विचारू? त्याला लीग जिंकल्याचं पदक मिळालं ना? आमच्याकडचे कितीतरी गुणी, सातत्यवाले फॉरवर्ड ते न घेताच गेले. बास, एवढंच. जातो.

रियाधकर

मूळ सांगलीचा, अकरा वर्षं रियाधमध्ये, इमारतींच्या वातानुकूलनाचं काम. तुमच्या सगळ्यांकडून तो गेला, माझ्याकडे तो आलाय. त्यामुळे माझी पंचाईत वेगळी आहे.

आमच्या साइटवर हिलालवाले जास्त. इथे पिढ्यान्‌पिढ्या घरात हिलाल किंवा नासर असतं, तुमच्या पेठेसारखंच, पेठकर. जुलैच्या पहाटे क्लब वर्ल्ड कपला हिलालने सिटीला ४-३ ने घरी पाठवलं तेव्हा आमचा सौदी सुपरवायझर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना खजूर वाटत होता. म्हणजे यांना आता साधा फॉरवर्ड चालणार नाही, सिटीला हरवलेल्या माणसांना तो हवा आहे.

शनिवारी दुपारी, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, कंटेनरमध्ये आम्ही जेवत होतो. सुपरवायझरला माहीत आहे की मी वीस वर्षं लिव्हरपूलवाला. त्याने डबा बंद केला, माझ्या शेजारी येऊन बसला आणि विचारलं, हा कसा आहे? खरं सांग.

मी सुरुवात केली की, बघा, चांगला आहे, पण... आणि त्या "पण"वर थांबलो. या धाग्यावर जे सगळं आलंय ते त्याला अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत कसं सांगणार? चारदा पोस्टाला लागलं आणि लोकांनी त्याचा गजर केला, हे भाषांतर करून बघा. केरळचा फोरमन मदतीला आला, म्हणाला, याची तब्येत बघून सांगतो, घोडा आहे घोडा. सुपरवायझर हसला, पण त्याची नजर माझ्यावरच.

शेवटी फोन काढला. न्यूकासलचे दोन्ही गोल दाखवले. त्याने दुसरा तीनदा बघितला, आवाज मोठा करून. "बाकीचे?" म्हणाला. मी फॉरेस्टचं हेडर दाखवलं. मग युनायटेडवाले दोन. मग बोट पुढच्या क्लिपवर गेलं. ती व्हिलाची होती, फेब्रुवारीत रागाच्या भरात मीच साठवून ठेवलेली.

मी फोन उलटा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, जेवण थंड होतंय.